चढावर उभी केली की गळणारी गाडी

जुनी गाडी घेताना आपण इंजिनाचा आवाज ऐकतो, टायरची नक्षी बघतो, पुट्टी भरलीय का ते कळावं म्हणून पत्र्यावर बोटं वाजवतो. गालिचा उचलून खालचा पत्रा मात्र कोणी बघत नाही, कारण बहुतेक गाड्यांत तो गालिचाच दिसत नाही. ॲक्सेसरीजवाल्याने त्यावर रेक्झिनचं लॅमिनेशन अंथरलेलं असतं. आमच्या गाडीतही होतं. पुण्याची, एमएच १२ ची, एकाच मालकाने चालवलेली दहा वर्षांची हॅचबॅक, सर्व्हिसची सगळी बिलं फाइलमध्ये लावलेली. मार्चात ती रत्नागिरीला आली आणि जूनपर्यंत तिच्याबद्दल तक्रारीला जागा नव्हती.

मग पाऊस लागला. सकाळी दार उघडलं की ओल्या गोणपाटासारखा वास यायचा. काचांवर आतून वाफ धरलेली असायची आणि एसी लावला तरी ती चटकन हटायची नाही. लॅमिनेशन वरून ठणठणीत कोरडं, त्यामुळे आधी सगळ्यांनी केबिनमधल्या, म्हणजे एसीच्या फिल्टरवर आळ घेतला. तो बदलला. वास तसाच. शेवटी मागच्या सीटवर बसून क्लीनर साइडला, म्हणजे डावीकडे, टाच जोरात दाबली, तर लॅमिनेशनच्या कडेतून पचकन पाणी वर आलं.

गाडीत पाणी म्हटल्यावर कोकणात पहिला संशय कुठे जातो ते सांगायला नको. शेजारचे काका छत्री घेऊन कंपाउंडपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "चिपळूणच्या पुरातली नाय ना रे? नीट बघून घेतलीस ना?" २२ जुलै २०२१ ला चिपळुणात जे झालं, त्यानंतर कितीतरी बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून बाजारात आल्या असतील अशी धास्ती इकडे प्रत्येकाच्या मनात असते. ती शंका आधी निकालात काढणं भाग होतं. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत बाहेर खेचला. पुरातल्या गाडीच्या पट्ट्याचा जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो, त्यावर चिखलाची रेघ राहते, ती धुतली तरी जात नाही. इथे पट्टा स्वच्छ होता. डॅशबोर्डखालचे ब्रॅकेट, सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीच्या खड्ड्याचे कोपरे पाहिले. गाळ कुठेच नव्हता. स्टेपनीखाली थोडं पाणी होतं, पण नितळ. त्याकडे नंतर येतो.

पुराची शंका मिटली. आता गाडी उघडायची.

क्लीनर साइडची पुढची सीट चार बोल्टांवर असते. ते खोलण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह बाजू काढून ठेवली आणि थोडा वेळ थांबलो, कारण सीटखाली पिवळ्या रंगाचा कनेक्टर असेल तर तो एअरबॅगच्या किंवा बेल्टच्या यंत्रणेचा असतो आणि तिथे घाई करायची नसते. सीट बाहेर, दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी बाहेर, मग लॅमिनेशन आणि त्याखालचा मूळ गालिचा उचलला. गालिच्याला खालून जाड नमदा चिकटवलेला असतो. तो गालिच्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी पितो आणि सोडत नाही. आमचा मागच्या पायांच्या जागेत इतका भिजलेला होता की पिळून पिळून अर्धी बादली भरली. खालच्या पत्र्यावर सीटच्या ब्रॅकेटभोवती गंजाची सुरुवात झालेली. उंबऱ्याच्या पट्टीखालून जाणाऱ्या वायरींपैकी एका कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या. मागच्या दाराची काच अधूनमधून हट्ट का करायची, त्याचं उत्तर फुकटात मिळालं.

पाणी कुठून येतं हे शोधण्याआधी ते कसलं पाणी आहे हे ठरवावं लागतं. गाडीत तीन प्रकारचं पाणी येऊ शकतं: कूलंट, एसीचं आणि पावसाचं. कूलंट असेल तर बोटांना बुळबुळीत लागतं, गोडसर वास येतो, पुढच्या काचेवर आतून तेलकट थर बसतो आणि बॉनेटखालच्या टाकीतली पातळी खाली जाते. यातलं काहीच नव्हतं. एसीचा संशय जास्त रास्त होता. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे एसीची कूलिंग कॉइल बहुतेक गाड्यांत डावीकडे, ग्लव्ह बॉक्सच्या मागे बसते. तिच्यावर जमणारं पाणी एका बारीक नळीने गाडीखाली सोडलेलं असतं. नळी धुळीने किंवा किड्यांच्या घरट्याने तुंबली की तेच पाणी क्लीनर साइडला पायाशी येतं, आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत ते थोडंथोडकं नसतं. उघडीप मिळाली तेव्हा गाडी कोरड्या जागेत उभी करून अर्धा तास एसी पूर्ण लावला. गाडीखाली मस्त डबकं साचलं, आत टिपूस नाही. नळी मोकळी होती.

म्हणजे पाऊस.

इथे मी एका गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्रींनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि सांगितलं, "पुढची काच लीक असणार. सिलिकॉन मारून देतो चहूबाजूंनी, पाऊस संपेपर्यंत बघायला नको." असाच सल्ला दुसरीकडेही मिळाला, फक्त तिथे काचेऐवजी दाराचं रबर दोषी होतं आणि चारही दारांची रबरं बदलायची होती. दोघांनीही गाडीवर मगभर पाणी ओतून पाहिलं नव्हतं. सिलिकॉनला माझा नकार तत्त्वाचा नव्हता, व्यवहाराचा होता. पुढची काच पॉलियुरेथेनच्या गोंदाने चिकटवलेली असते. त्या सांध्यात सिलिकॉन गेलं आणि उद्या काच खरंच काढून बसवायची वेळ आली, तर सिलिकॉनचा अंश राहिलेल्या पत्र्यावर तो गोंद धड धरत नाही. शिवाय बाहेरून बुजवलं की पाणी दुसरी वाट काढतं आणि मग मूळ वाट सापडायची शक्यताही जाते.

आधी सगळं वाळवायला हवं होतं. ओल्या गाडीत नवी ओल कशी ओळखणार? पण आषाढात रत्नागिरीत रुमाल वाळत नाही, तिथे गाडीचा गालिचा कसा वाळावा? तो पडवीत दोन खुर्च्यांवर टाकला, खालून टेबलफॅन, रात्री वरून हॅलोजनचा दिवा. आईने दोन दिवस सहन केलं, मग तिच्या पापडांच्या डब्यांच्या जागेवर केलेल्या अतिक्रमणाबद्दल स्पष्ट शब्दांत सांगितलं. गाडीतला पत्रा फडक्याने पुसून हेअर ड्रायरने कोरडा केला, वर जुने पेपर अंथरले. पेपरचा फायदा असा की एक थेंब पडला तरी डाग राहतो आणि डागाचं टोक पाणी कुठून आलं त्या दिशेला बोट दाखवतं. उंबऱ्याच्या रंगवलेल्या पत्र्यावर आणि दाराच्या रबराच्या आतल्या बाजूने टाल्कम पावडर भुरभुरली. पांढऱ्या पावडरीत पाण्याची वाट लपत नाही.

गालिचा नाही, सीट नाही, नुसते पेपर, अशा अवस्थेत मी गाडी वापरत राहिलो. आणि इथे गोष्ट विचित्र होत गेली. ऑफिसच्या पार्किंगमध्ये दिवसभर धो धो पावसात गाडी उभी, संध्याकाळी पेपर कोरडे. घरी रात्री त्याहून कमी पाऊस पडला, सकाळी मागचे पेपर चिंब. एकदा उलटंही घडलं: घरी रात्रभर पाऊस आणि सगळं कोरडं. त्या दिवशी गाडी गेटातून रिव्हर्स आणलेली होती.

आमच्या घराचं अंगण म्हणजे रस्त्यापासून वर चढत जाणारा जांभ्या दगडाचा उतार. नेहमी गाडी सरळ आत घेतली की तिचं नाक वर आणि शेपूट खाली. रिव्हर्स आणली तर नाक खाली. ऑफिसचं पार्किंग सपाट. म्हणजे नाक वर असेल तेव्हाच गाडी गळत होती. पाणी मागच्या पायांशी साचतं ते उतारामुळे, एवढं पहिल्यापासून कळत होतं. पण उतारामुळे गळतीच सुरू व्हावी, हे नवीन होतं.

रविवारी भाचा आला, तेव्हा पाइप लावून रीतसर तपासणी केली. हे काम प्रेशर वॉशरने करायचं नसतं. तो पाणी अशा ठिकाणी घुसवतो जिथे पाऊस जन्मात जाणार नाही. साधा बागेचा पाइप, तोंडाला बोट न लावता, हळू धार. आणि खालून वर जायचं. आधी उंबरा, मग दाराचा खालचा भाग, मग रबराची कड, मग दाराची काच, मग वायपरखालची जाळी, पुढच्या काचेच्या कडा, सगळ्यात शेवटी टप. एकेका जागी दहा-पंधरा मिनिटं. टपापासून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळीकडेच जातं आणि आत थेंब आला तरी तो कोणाचा ते सांगता येत नाही.

पाइप पोचावा म्हणून गाडी रस्त्याकडेला सपाटीवर घेतली होती. भाचा आत बॅटरी घेऊन पालथा, मी बाहेर. टपापर्यंत पोचलो तरी आतून एकच उत्तर: "मामा, काही नाही." मध्ये वायपर काढून खालची जाळी उचलली. तिथे आंब्याच्या कुजक्या पानांचा आणि मोहोराचा चांगला ओंजळभर लगदा निघाला. ही जागा तुंबली तर पाणी ब्लोअरच्या तोंडातून थेट आत येतं, त्यामुळे क्षणभर वाटलं की सापडलं. पण ब्लोअरच्या फिल्टरवर ओलीचा डाग नव्हता आणि खालचं भोक अजून वाहत होतं. पुढच्या वर्षीची गळती तेवढी टळली.

मग गाडी पुन्हा अंगणात चढावर घेतली, नाक वर, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. उंबरा, काही नाही. रबर, काही नाही. क्लीनर साइडच्या पुढच्या दाराच्या काचेवर धार सोडली. शेजारचे काका परत येऊन उभे राहिले होते. "पावसात गाडी धुणारा पहिलाच बघितला," म्हणाले. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "मामा, पावडर ओली झाली! रबराच्या आतून येतंय!"

रबराच्या आतून म्हणजे रबर निर्दोष. दाराच्या आतल्या प्लॅस्टिकच्या पॅनलची खालची कड, मागच्या कोपऱ्यात, ओली होती. तिथून थेंब उंबऱ्यावर, उंबऱ्याच्या पट्टीखालून पत्र्यावर आणि उताराने मागे. धार बंद करून दार उघडलं, तर दारातून डबडब आवाज आला. माठ हलवल्यावर येतो तसा नव्हे, त्याहून जड.

इथे दाराची रचना सांगायला हवी, कारण ती कळेपर्यंत मलाही वाटत होतं की दारात पाणी जाणं हाच बिघाड. तसं नसतं. काचेला बाहेरून जे रबर असतं ते फक्त पाणी निपटतं, अडवत नाही. पाऊस पडला की काचेवरून ओघळणारं पाणी प्रत्येक गाडीच्या दारात जातं आणि तळाशी असलेल्या भोकांतून बाहेर पडतं. आतल्या पत्र्याला मोठमोठी खिडकीवजा भोकं असतात. त्यावर प्लॅस्टिकचा किंवा फोमचा पडदा काळ्या चिकट ब्युटाइलने चिकटवलेला असतो. त्याच्यामुळे पाणी पॅनलकडे न येता दाराच्या पोटातच राहतं. भोकं आणि पडदा, दोन्ही ठीक असतील तर दारात कितीही पाणी जाऊ दे, आत काही कळत नाही.

पॅनल काढलं. हँडलमागचे स्क्रू, कडेच्या क्लिपा (जुन्या गाडीत दोन-चार तुटतातच, आधी आणून ठेवलेल्या बऱ्या), काचेच्या बटणाचा कनेक्टर. आत पडदा होता, पण कसा! आधीच्या मालकाने कधीतरी मोठे स्पीकर बसवून घेतलेले. बसवणाऱ्याने पडदा अर्धा उपटला, स्पीकरपुरता चौकोन कापला आणि परत लावताना तपकिरी पॅकिंग टेप मारली. टेप केव्हाच सुटलेली. पडद्याची खालची कड पत्र्याच्या खाचेत आत खोचलेली असायला हवी, ती बाहेर लोंबत होती, म्हणजे पडद्यावरचं पाणी नेमकं पॅनलच्या बाजूला उतरत होतं.

आणि तळाची भोकं. गाडीच्या बिलांमध्ये गंजरोधक कोटिंगचं एक बिल होतं, ते मी घेताना कौतुकाने वाचलं होतं. त्या काळ्या डांबरी थराने दाराच्या खालची कडही रंगवून काढली होती. पुढचं भोक कसंबसं उघडं, मधलं अर्धवट, मागचं पूर्ण बुजलेलं. सायकलची तार घालून मागचं मोकळं केलं तर मातकट पाण्याची धार बराच वेळ चालू राहिली.

आता उताराचा हिशेब लागला. गाडी सपाट असली की पाणी पुढच्या आणि मधल्या भोकातून जेमतेम निघून जायचं. नाक खाली असलं तर पुढच्या भोकातून आणखी बरं. नाक वर केलं की सगळं पाणी दाराच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे वाटच नाही. तिथे ते चढत चढत आतल्या पत्र्याच्या सगळ्यात खालच्या भोकापर्यंत यायचं आणि लोंबत्या पडद्याखालून आत सांडायचं. पुण्यात हे कधी दिसलं नाही त्याचं कारणही हेच असावं. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीत ३,००० च्या वर. अर्धवट बुजलेली भोकं पुण्याच्या सरीला पुरून उरत होती. इकडच्या झोडीला नाही. मी आधीच्या मालकांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडे तर आत थेंबही आला नाही कधी." मला ते खरंच वाटलं. त्यांचं पार्किंग तळघरात होतं.

दुरुस्ती शोधापेक्षा फारच सोपी. आगोटीला पडवी झाकायला आणलेलं जाड प्लॅस्टिक घरात होतंच. जुना पडदा त्यावर ठेवून बेतला, ब्युटाइल टेपचा सलग पट्टा दाराच्या पत्र्यावर लावला आणि हेअर ड्रायरने जरा ऊब देऊन दाबला. जुना गोंद आणि टेपचा चिकटा आधी रॉकेलच्या फडक्याने आणि मग साबणाच्या पाण्याने काढावा लागतो. कंटाळा केला तर नवी टेप महिन्याभरात सुटेल. खालची कड खाचेत आत खोचली. स्पीकरभोवती फोमची कडी लावली आणि वायर जाते तिथे ती आधी खाली झुकवून मग वर घेतली, म्हणजे तिच्यावरून येणारा थेंब आत न येता खाली टपकतो. स्पीकर चारही दारांना होते, त्यामुळे चारही पॅनल काढली. सगळीकडे तीच तपकिरी टेप. सगळी भोकं तारेने मोकळी केली. सामानाचा खर्च हजाराच्या आत बसला.

पत्र्यावरचा गंज घासून प्रायमर मारला, हिरव्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केल्या. नमदा मात्र फेकला. एकदा कुजायला लागला की वाळला तरी दमट हवेत पुन्हा वास धरतो. नवा कापून टाकला आणि वर मूळ गालिचा. लॅमिनेशन परत घातलं नाही. त्याखाली काय चाललंय ते दिसत नाही, आणि इथे ते दिसणं गरजेचं आहे.

स्टेपनीखालचं नितळ पाणी वेगळ्या वाटेने येत होतं, त्याचा दाराशी संबंध नव्हता. ती वाट साबणाच्या पाण्याने सापडली. काचा बंद, ब्लोअर पूर्ण वेगावर, हवा बाहेरून घेण्याच्या खटक्यावर, म्हणजे आत थोडा दाब तयार होतो. मागच्या बंपरआड हवा बाहेर जाण्याच्या झडपा असतात, त्या टेपने झाकल्या नाहीत तर दाब टिकत नाही. मग डिकीच्या रबराभोवती आणि मागच्या दिव्यांच्या कडांना स्पंजने साबण लावला. डाव्या दिव्याच्या वरच्या कोपऱ्यात बुडबुड्यांची बारीक माळ उठली. दिव्यामागचा फोमचा गास्केट चपटा होऊन गेलेला. तो नुसता मिळत नाही, पूर्ण दिवा घ्या असं दुकानात सांगितलं. तूर्त दिवा काढून ब्युटाइलचाच पट्टा फिरवून बसवलाय, स्टेपनीच्या खड्ड्यात पेपर घातलाय, आणि गाडी अजूनही मुद्दाम नाक वर करूनच लावतो.